हिरॉईनची गाणी तुमच्या कपाटात का पडून आहेत? म्युझिक कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईतल्या म्युझिक कंपन्यांमधे जुना कॅटलॉग ज्यांच्या ताब्यात आहे ते सगळे साहेब आणि मॅडम लोक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची ऑफिसं अंधेरी-सांताक्रूझ पट्ट्यातच असणार आणि मी राहते गोरेगावला, म्हणजे तसं बघितलं तर आपण शेजारीच, तरी पत्र असं चारचौघात लिहितेय कारण मेल करून झालाय. एका कंपनीला (नाव घेत नाही, उगाच वाद नको) विचारलं होतं की तुमच्या नव्वदच्या दशकातल्या अमुक कॅसेटची बी साइड कधी ऐकायला मिळणार, तर उत्तर आलं की आपली क्वेरी संबंधित टीमकडे पाठवण्यात आली आहे. ही संबंधित टीम कुठल्या मजल्यावर बसते ते देव जाणे. म्हणून म्हटलं सगळ्यांनाच एकदम लिहावं, कुणीतरी संबंधित निघेलच.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, ज्या नट्या गाणीपण गायल्या त्यांची सगळी रेकॉर्डेड गाणी त्यांच्या नावाखाली, खऱ्या सालासकट आणि खऱ्या क्रेडिटसकट एका जागी मिळाली पाहिजेत. फुकट नको, सबस्क्रिप्शनचे पैसे भरतेच आहे. पण तुम्ही लोक काय करता, हिरॉईन गायली की ते गाणं म्हणजे पिक्चरच्या पब्लिसिटीचा एक आयटम असं धरून चालता, पिक्चर उतरला की गाणंपण उतरलं, आणि तिने पिक्चरच्या बाहेर पॉप अल्बम काढला असेल तर मग विचारायलाच नको, तिला घरचं कुणी नाहीच.

उदाहरण मुद्दाम सगळ्यात मोठ्या नावाचं घेते, म्हणजे बाकीच्यांचं काय होत असेल याचा अंदाज येईल. प्रियांका चोप्रा. आता तुम्ही म्हणाल तिची गाणी तर सगळीकडे आहेत. आहेत ना, पण कुठे कुठे? तिचं पहिलं फिल्मी गाणं कुठलं हे माझ्या भाचीला विचारलं तर तिने लगेच इंग्लिश गाण्याचं नाव सांगितलं, तिच्या बिचारीचा काय दोष, तिला सर्चमधे जे वर दिसतं ते तिने सांगितलं. खरं म्हणजे प्रियांका पहिल्यांदा गायली ती तमिळमधे, २००२ साली, 'तमिळन' नावाच्या विजयच्या पिक्चरमधे, संगीत डी. इमानचं, आणि तेव्हा तिचा एकही हिंदी पिक्चर आलेला नव्हता, पहिला हिंदी २००३ मधे आला. म्हणजे हिंदी पडद्यावर दिसायच्या आधी ती तमिळमधे ऐकू आली होती! ही गोष्ट मला तरी भन्नाट वाटते, आणि ती कळायची सोय काय तर काहीच नाही, कारण आपल्याकडे पिक्चरचं गाणं अपलोड करताना मुख्य कलाकार म्हणून बरेचदा संगीतकाराचं नाव टाकतात आणि गाणारे मागे कुठेतरी चिकटवतात, नाहीतर राहूनच जातात.

मग २०१२. सप्टेंबरमधे तिचं 'इन माय सिटी' आलं, अमेरिकन रॅपर विल.आय.ॲमबरोबर, आणि ते तिकडे अमेरिकेत एनएफएल नावाच्या लीगच्या गुरुवारच्या फुटबॉल मॅचेसच्या आधी वाजायला लागलं. आपल्याकडे तेव्हा लोकांनी काय टिंगल केली होती आठवतंय ना, ट्रेनमधे लेडीज डब्यात पण चर्चा, की हिला काय गरज होती आणि आवाज सगळा मशीनचा आहे. मला स्वतःला ते गाणं फारसं आवडत नाही, खरं सांगते, खूप चकचकीत आहे आणि तिचा जो मूळचा थोडा खर्जाकडे जाणारा आवाज आहे तो त्यात सापडतच नाही. पण न आवडणं वेगळं आणि नोंद नसणं वेगळं. त्याच वर्षी तिने द चेनस्मोकर्स या अमेरिकन डीजे जोडीबरोबर 'इरेज' गायलं, तेव्हा त्या दोघांना जगात फारसं कुणी ओळखत नव्हतं, ते गाजले २०१४ मधे. म्हणजे बाई त्यांच्या आधी पोचल्या होत्या, पण हे सांगणार कोण? जुलै २०१३ मधे पिटबुल या रॅपरबरोबर 'एक्झॉटिक', रेडवनचं प्रॉडक्शन, अर्धं इंग्लिश मधे हिंदी ओळी. २०१४ मधे अमेरिकन गायिका बॉनी रेटच्या १९९१ च्या एका संथ, रडवणाऱ्या गाण्याची डान्स आवृत्ती, ही कल्पनाच मला पटली नाही, ते गाणं नाचायचं नाहीच आहे हो. आणि आख्खा अल्बम येणार येणार म्हणून त्या काळात पेपरात किती छापून यायचं, तो अल्बम काही आला नाही.

आता इथे जरा थांबा, कारण मला जे सांगायचंय ते इथेच आहे. 'एक्झॉटिक' आलं जुलै २०१३ मधे. तिचे वडील डॉ. अशोक चोप्रा, आर्मीतले डॉक्टर आणि गाण्याचे भारी शौकीन, ते गेले जून २०१३ मधे. म्हणजे बाप जाऊन महिना झाला आणि पोरगी समुद्रकिनाऱ्यावर नाचतानाच्या गाण्याचं प्रमोशन करतेय, कारण तारखा ठरलेल्या. पुढच्या वर्षी 'मेरी कोम'मधे ती एक अंगाईगीत गायली, २०१५ मधे 'दिल धडकने दो'चं टायटल साँग फरहान अख्तरबरोबर, आणि २०१६ मधे काय, तर मराठीत, 'व्हेंटिलेटर'मधे, 'बाबा'. स्वतः प्रोड्यूस केलेला पिक्चर, राजेश मापुसकरांचा, गणपतीच्या तोंडावर घरातला म्हातारा माणूस हॉस्पिटलमधे आणि गावाकडून सगळं गोत मुंबईत येऊन बसलेलं. संगीत रोहन-रोहनचं. तमिळ, इंग्लिश, हिंदी असं सगळं करून झाल्यावर वडिलांवरचं गाणं ती गायली मराठीत. उच्चार आपल्यासारखे नाहीत, एखाद दुसऱ्या ठिकाणी खटकतं, पण तिथे मशीन नाहीये, श्वास ऐकू येतो, आणि शेवटाकडे आवाज जरा भरून येतो असं मला वाटतं (माझ्या नवऱ्याला नाही वाटत, तो म्हणतो तू कथा माहीत असल्यामुळे तसं ऐकतेस, असेलही).

पण ती कथा माहीत व्हायला ही गाणी एकाखाली एक तारखेनुसार दिसायला नकोत का? आज ती एक सिंगल म्हणून इथे, एक पिक्चरमधे तिथे, एक परदेशी डीजेच्या पानावर, मराठी गाणं मराठीच्या वेगळ्या कप्प्यात, आणि साल बघाल तर कुठे मूळ साल, कुठे तुम्ही परत अपलोड केलं ते साल, कुठे कुठल्यातरी 'बेस्ट ऑफ'चं साल. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा आकडी-अक्षरी कोड असतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तो भरताना तुमचा माणूस गायिकेचं नाव आणि पहिल्यांदा कधी आलं ते साल नीट भरेल एवढंच करायचंय.

बरं ही झाली २००० नंतरची गोष्ट. मागे जाऊया का? मागे गेलं की माझं डोकं जास्त फिरतं.

पद्मिनी कोल्हापुरे. आपली, मराठी, मुंबईची, वडील पंढरीनाथ कोल्हापुरे गवयी, मंगेशकरांच्या नात्यातली. लोकांना ती 'प्रेमरोग'वाली म्हणून माहीत, १९८२. पण 'किताब'मधलं मास्टरजींच्या चिठ्ठीचं गाणं आहे ना, १९७७ चं, गुलजार आणि पंचमदांचं, वर्गातल्या बाकांवर ठेका धरलेलं, शाळेच्या गॅदरिंगला आपण सगळ्यांनी त्यावर धिंगाणा घातलाय, ते गायलंय पद्मिनीने आणि तिची बहीण शिवांगीने! मी आजपर्यंत ज्याला ज्याला हे सांगितलं त्याने तोंडात बोट घातलंय. त्याच्याही आधी 'यादों की बारात'च्या टायटल साँगमधे लताबाईंबरोबर मुलांचे जे आवाज आहेत त्यात या दोघी आहेत. पुढे मोठी झाल्यावर पद्मिनीने स्वतःच्या एक-दोन पिक्चरमधे गायलं आणि बप्पीदांबरोबर 'म्युझिक लव्हर्स' नावाचा अल्बमपण केला, बप्पीदांच्या ग्रुपबरोबर लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधे गायली. ऐंशीच्या दशकात मराठी हिरॉईन अल्बर्ट हॉलमधे स्टेजवर! आणि शिवांगीची मुलगी कोण, तर श्रद्धा कपूर, जिने २०१४ मधे 'एक व्हिलन'च्या 'गलियाँ'चं अनप्लग्ड गायलं आणि 'रॉक ऑन २'मधे तर गाण्यांवर गाणी गायली. आजोबा, दोन बहिणी, नात. एका घरातल्या आवाजाची सलग नोंद पन्नासेक वर्षांची तुमच्या कपाटांमधे तुकड्या-तुकड्यांनी पडलेली आहे आणि एकाही ठिकाणी ती जोडून ठेवलेली नाही.

नव्वदच्या दशकाबद्दल तर बोलूच नका. सुचित्रा कृष्णमूर्ती, 'कभी हाँ कभी ना'मधली ॲना, १९९४, त्यानंतर पिक्चर सोडून बाईने सरळ पॉप अल्बम काढले, 'डोले डोले', 'दम तारा', चॅनलवर दिवसभर वाजायचे. रागेश्वरी, 'आँखें'मधली, तिचा 'दुनिया' आला १९९७ मधे, संगीत तिच्या वडिलांचंच. आमच्या कॉलेजच्या पोरींना ही लोकं लताबाई-आशाबाईंपेक्षा जवळची वाटायची कारण ह्या स्वतः गात होत्या, स्वतः पडद्यावर होत्या आणि साधारण आमच्याच वयाच्या होत्या, कुणाच्या तरी ओठांवर कुणाचा तरी आवाज असला प्रकार नव्हता. आवाज काही फार तयारीचे नव्हते, मान्य. पण पॉपला तयारीचा आवाज लागतो हे कुणी ठरवलं?

आणि कॅसेटमधे ते घडीचं कार्ड असायचं, तुम्हीच छापायचात ना, त्यावर बारीक अक्षरात सगळं असायचं, गिटार कुणाची, बेस कुणाचा, कोरसमधे कोण, कुठल्या स्टुडिओत रेकॉर्ड झालं, साउंड इंजिनियर कोण. हे सगळे मुंबईतलेच लोक, सकाळी पिक्चरचं बॅकग्राउंड वाजवायचं आणि रात्री पॉप अल्बमचं काम. डिजिटल करताना तुम्ही गाणं उचललंत आणि कार्ड फेकून दिलंत. १९४९ मधे 'महल'ची रेकॉर्ड आली तेव्हा तिच्यावर गाणारीचं नाव लता मंगेशकर नव्हतं, कामिनी होतं, पिक्चरमधल्या पात्राचं, आणि लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं की ही गाणारी आहे तरी कोण. तेव्हा नटीच्या पात्रापुढे गायिका गायब झाली होती, आता नटी स्वतः गायली तरी गायिका म्हणून गायबच आहे. ७५ वर्षांत एवढीच प्रगती.

७५ वरून आठवलं. प्रियांकाने २०१२ मधे इंग्लिश गाणं काढलं तेव्हा सगळीकडे असं चाललं होतं की भारतीय हिरॉईन पहिल्यांदाच इंग्लिश गातेय वगैरे. शांता आपटे १९३७ मधे प्रभातच्या 'कुंकू'मधे इंग्लिश गायल्यात, लाँगफेलो या अमेरिकन कवीची कविता, पडद्यावर, स्वतःच्या आवाजात. बरोब्बर ७५ वर्षं आधी. पॉप नाही म्हणणार कुणी त्याला, पण त्या काळच्या प्रेक्षकाला ते जेवढं चमत्कारिक वाटलं असेल तेवढं विल.आय.ॲमपण नसेल वाटला. ही माहिती मला एका जुन्या रेकॉर्डवाल्याने दिली, चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, शुक्रवारची गर्दी असताना, एका हाताने गिऱ्हाइकाला सुट्टे देत देत. म्हणजे तुमचं आर्काइव्ह त्याच्या डोक्यात आहे.

आता तुम्ही म्हणाल मग तोच रेकॉर्डवाला किंवा तुमच्यासारखे हौशी लोक चढवतात की गाणी, ऐका तिथे. चढवतात, आणि तुम्हीच कॉपीराइट स्ट्राइक मारून उतरवता! आणि कायद्याने तुमचं बरोबरच आहे, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९९७ ची कॅसेट २०५७ संपेपर्यंत तुमची. तोपर्यंत मी असेन-नसेन. तुम्ही ऐकवणार नाही, दुसऱ्याला ऐकवू देणार नाही आणि तिजोरीत ठेवून तिच्याकडे बघणारपण नाही, याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा, आमच्या आजीची पैठणी अशीच ट्रंकेत ठेवून ठेवून घडीवर फाटली.

आणि ही फाटण्याची गोष्ट मी उगाच नाही बोलत. मॅग्नेटिक टेपवर लोहाची पावडर चिकटवून ठेवणारा जो थर असतो तो दमट हवेत पाणी ओढतो आणि चिकट होतो, टेप लावली की थर सुटून प्लेअरच्या हेडला लागतो, आवाज घासल्यासारखा येतो आणि मग टेपच किंचाळायला लागते. अशी टेप मग ओव्हनसारख्या मशीनमधे पन्नासेक डिग्रीला काही तास शेकवतात, त्यानंतर थोडे दिवस ती नीट वाजते, तेवढ्यात कॉपी करून घ्यायची. आणि मुंबईच्या जुलैमधे हवेत काय दमटपणा असतो ते तुमच्या कपड्यांच्या कपाटाला विचारा. एसी गोडाऊन असेल तर ठीक, पण कंपन्या विकल्या गेल्या, लेबलं बंद पडली, कॅटलॉग एकाकडून दुसऱ्याकडे गेला, त्या खोकी हलवाहलवीत काय काय कुठे राहिलं याची यादी तरी आहे का कुणाकडे? काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मधे बंद झालं तेव्हा सगळ्यांनी गळे काढले, मीपण काढला, पण ते दुकान होतं, माल तुमचा होता.

पुस्तकाचं तसं नाही बघा. १९५४ चा कायदा आहे, पुस्तक छापलं की ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि बाकीच्या ग्रंथालयांना पाठवायची, त्यातलं एक आपल्या मुंबईत, टाउन हॉलमधे, ज्याच्या पायऱ्यांवर सध्या प्री-वेडिंगवाले कॅमेरे घेऊन असतात. त्या कायद्यात पुस्तक म्हणजे काय याच्या व्याख्येत छापील नोटेशनचा सुटा कागदपण येतो. गाण्याचा कागद चालतो, गाणं नाही. आता कायदा कधी बदलेल ते सरकार जाणे, तुम्ही आपणहून एक एक कॉपी आणि कार्डाचा स्कॅन ठेवायला दिला तर कुणी नको म्हणणार आहे का?

पैशाचं पण एक आहेच. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, गाणाऱ्यांनापण परफॉर्मर म्हणून त्यात वाटा आला. पण नावच चुकीचं किंवा नसलेलं असेल तर वाटा जाणार कुणाच्या खात्यात? हिरॉईनचं सोडा, तिचं भागतं, पण कोरसमधली ती बाई, तो बेसवाला, त्यांचं त्या कार्डाशिवाय कुठे नाव आहे? बिचारे हयात आहेत तोवर मुलाखती घेऊन ठेवा, त्यातले बरेच जण आता सत्तरीच्या पुढे आहेत.

आणि जी गाणी रेकॉर्ड झाली पण आलीच नाहीत त्यांचं काय ते पण सांगून टाका ना एकदा. प्रियांकाच्या न आलेल्या अल्बमबद्दल मी तिकडच्या कंपनीला काय विचारणार, पण तुमच्या इथल्या शाखा आहेत, तुम्ही विचारू शकता. काही गाणी वाईट असतील म्हणून थांबवली असतील. चालेल, वाईट गाणीपण ऐकायला आवडतात आम्हाला, लोक किशोरदांची फसलेली गाणी शोधून शोधून ऐकतात, मग हिरॉईनच्याच बाबतीत एवढी कडक परीक्षा का?

एक सोपी सुरुवात सुचवते. सगळ्या बायकांचं एकदम करू नका, नाहीतर मीटिंगा होतील आणि काम होणार नाही. पद्मिनी कोल्हापुरेपासून करा. मुलांच्या कोरसपासून ते बप्पीदांच्या अल्बमपर्यंत सगळं शोधा, तारखेने लावा, ती स्वतः मुंबईतच आहे, तिला विचारा की हे कुठल्या स्टुडिओत झालं, बरोबर कोण होतं, आणि ते तिच्याच शब्दांत खाली टाका. त्याचं कव्हर मात्र प्लीज एआयने बनवू नका, जुनं एलपीचं कव्हर स्कॅन करा, ओरखड्यांसकट.

माझ्याकडे नव्वदच्या दशकातली बरीच कार्डं आहेत, काहींच्या घड्या फाटल्यात पण अक्षर वाचता येतं. हवी असतील तर स्कॅन करून देईन, पैसे नकोत, फक्त कॅसेट मागू नका, त्या देणार नाही. उत्तर 'संबंधित टीम'कडून आलं तरी चालेल, पण खाली माणसाचं नाव असू द्या.

तुमचीच,
एक श्रोती,
गोरेगाव पूर्व